कुत्र्यांचे प्रशिक्षण आणि कुत्रा गेलेल्या घरचे सांत्वन : स्वमग्न व्यक्तीने हे कसे शिकावे?

प्रश्न : वावरकाठ (आर्वी तालुका, जिल्हा वर्धा)

नमस्कार. मी आर्वी तालुक्यातील एका खेड्यात आईवडिलांसोबत राहते. मला स्वमग्नता, म्हणजे ऑटिझम आहे. पदवीचे शिक्षण संपल्यावर नागपुरात तिचे निदान झाले, आणि दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या २०१६ च्या कायद्यातील २१ दिव्यांगतांमध्ये तिचा समावेश असल्यामुळे माझ्याकडे तसे प्रमाणपत्रही आहे. गर्दी, लाउडस्पीकर आणि चार जणांचे एकाच वेळी बोलणे मला सोसवत नाही. कुत्र्यांच्या सोबतीत मात्र मी तासन्‌तास राहू शकते.

आमच्या शिवारात रानडुकरे आणि रोही (नीलगायी) यांच्यापासून हरभरा व तूर राखण्यासाठी रात्रीची जागल करावी लागते. जागलीवरच्या कुत्र्याने रोह्यामागे पऱ्हाटीतून धावत सुटू नये आणि हाकेसरशी परत यावे, एवढे शिकवण्यासाठी आजूबाजूच्या गावांतील लोक आता मला बोलावू लागले आहेत. हे काम मी पाहून पाहून शिकले. ते आता शास्त्र समजून शिकावे आणि त्यातून थोडेफार उत्पन्न मिळवावे, अशी माझी इच्छा आहे.

या कामाचा दुसरा भागही आहे, आणि त्याविषयी मला कोणी काही शिकवलेले नाही. मी ज्या कुत्र्यांना शिकवते त्यांतील काही मरतात. खेड्यात साप चावतो, फवारणीचे औषध पोटात जाते, रस्त्यावर वाहनाखाली सापडते. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या गावातील एका आजोबांचा कुत्रा सर्पदंशाने गेला. आजोबा ओसरीवर त्याची साखळी मांडीवर घेऊन बसले होते आणि तिची एकेक कडी बोटांतून सरकवत होते. घरची मंडळी मात्र ‘कुत्रंच त होतं’ म्हणून आपापल्या कामाला लागली होती. मला आतून फार वाईट वाटत होते, पण माझ्या चेहऱ्यावर ते उमटत नाही, कोणाच्या खांद्यावर हात ठेवणे मला जमत नाही, आणि ‘वेळेवर नेला असता त वाचला असता का वं?’ असे आजोबांनी विचारले तेव्हा त्यांना काय सांगावे हे मला समजेना.

प्रशिक्षणाचे शास्त्र कोठून आणि कोणत्या क्रमाने शिकावे? आणि ज्या माणसाचा कुत्रा गेला आहे त्याच्यासोबत माझ्यासारख्या व्यक्तीने कसे बसावे? मला अभिनय करायचा नाही. त्यांना खरोखर आधार वाटेल असे काही करायचे आहे.

उत्तर : निवृत्त पशुवैद्य (यवतमाळ जिल्हा)

ताई, माझी नोकरीची बहुतेक वर्षे यवतमाळ जिल्ह्यातील गुरांच्या दवाखान्यांत गेली. आधी प्रशिक्षणाविषयी लिहितो, कारण तेथे तुमचा पाया चांगला आहे असे तुमच्या लिहिण्यावरून दिसते.

या शास्त्राचे दोन आधार आहेत. रशियन शास्त्रज्ञ इव्हान पावलोव्ह यांना १९०४ मध्ये पचनक्रियेवरील संशोधनासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. कुत्र्यांच्या लाळेचा अभ्यास करताना त्यांना दिसले की अन्नाच्या आधी सतत येणारी खूण ऐकूनच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. पुढे अमेरिकेत बी. एफ. स्किनर यांनी १९३८ मध्ये मांडले की वर्तनाच्या पाठोपाठ जे मिळते त्यावरून ते वर्तन वाढते किंवा कमी होते. आजचे सौम्य पद्धतीचे प्रशिक्षण या दोन गोष्टींच्या जोडणीवर उभे आहे. जिभेने केलेली एक टिचकी म्हणजे ‘हेच बरोबर’ अशी खूण, आणि तिच्यापाठोपाठ कलेजीचा किंवा भाकरीचा तुकडा. टिचकी योग्य क्षणी, म्हणजे कृती घडल्यापासून फार तर एका सेकंदात पडली पाहिजे. तिला उशीर झाला, तर कुत्रा बसल्याबद्दल नव्हे, बसून पुन्हा उठल्याबद्दल बक्षीस मिळाले असे समजतो. एका वेळी तीन ते पाच मिनिटे पुरेत आणि एका वेळी एकच गोष्ट शिकवावी.

बहुतेक घरांत प्रशिक्षण बिघडते ते शब्दांमुळे. आजी ‘हाड’ म्हणते, वडील ‘सरक’ म्हणतात, मुले ‘जा रे’ म्हणतात, आणि सगळ्यांची अपेक्षा अशी असते की कुत्र्याने मागे व्हावे. बोलावताना कोणी ‘यू यू’ करते, कोणी नावाने हाक मारते, कोणी त्याच नावाने रागावते. प्रत्येक कृतीला एकच शब्द, तो एकाच सुरात, आणि तो घरातील प्रत्येकाने पाळायचा, हा नियम बहुतेक माणसांना कंटाळवाणा वाटतो. तुमच्यासारख्या व्यक्तीला तो स्वाभाविक वाटेल. कोठ्याच्या भिंतीवर खडूने पाच शब्द लिहून ठेवायला लावा आणि त्यांबाहेरचा शब्द कोणी वापरला तर तेथेच सांगा.

जागलीच्या कुत्र्यासाठी बैलांचा लांब कासरा उत्तम, पण तो गळपट्ट्याला न बांधता छातीच्या पट्ट्याला बांधा, म्हणजे धावताना मानेला झटका बसणार नाही. आधी रिकाम्या वावरात, मग लांबवर गुरे दिसत असताना, आणि रोह्याचा माग लागणाऱ्या ठिकाणी अगदी शेवटी सराव घ्या. रानडुकरांसाठी वाजवतात त्या फटाक्यांना भिणारे कुत्रे असेल, तर तसाच आवाज मोबाइलवर अगदी हळू वाजवून प्रत्येक आवाजानंतर आवडीचे खाणे द्यावे आणि कुत्रा निवांत राहील तेवढाच आवाज वाढवत न्यावा. काठीने मारून किंवा गळा आवळून शिकवलेले कुत्रे गुरगुरणे सोडते, पण त्याची भीती जात नाही, आणि असे कुत्रे पुढे इशारा न देता चावते.

कुत्र्याची देहबोली पाठ करण्यासारखी आहे आणि ती माणसाच्या चेहऱ्याइतकी फसवी नसते. भूक नसताना ओठ चाटणे, झोप नसताना जांभई, मान वळवणे, डोळ्याचा पांढरा भाग दिसणे आणि हालचाल एकाएकी थांबणे ही ताणाची चिन्हे आहेत. ताठ उभारलेली आणि लहान झटक्यांनी हलणारी शेपटी आनंदाची नसते. अनोळखी कुत्र्याच्या डोळ्यांत रोखून पाहिले की त्याला ते आव्हान वाटते, म्हणून बाजूने उभे राहून नजर खाली ठेवावी, असे आम्ही विद्यार्थ्यांना मुद्दाम शिकवतो. डोळ्यांत पाहणे तुम्हाला जड जात असेल, तर या कामात ते उणेपण ठरत नाही. अमेरिकेतील टेम्पल ग्रँडिन या स्वतः ऑटिस्टिक असलेल्या पशुविज्ञान-प्राध्यापिकेने गुरे कशामुळे बिचकतात हे त्यांच्या जागी उभे राहून पाहिले, आणि लोंबती साखळी, जमिनीवरची सावली अशी कारणे शोधून काढली. त्यांनी आखलेल्या जनावरे हाताळण्याच्या वळणदार वाटा आज अनेक देशांत वापरतात. प्रत्येक ऑटिस्टिक व्यक्तीला अशीच दृष्टी असते असा याचा अर्थ मी घेणार नाही, पण बारकाईने पाहण्याची सवय असेल तर ती जपावी.

आता सुरक्षिततेचे. काम वाढवण्याआधी रेबीजची प्रतिबंधक लस घ्या. कुत्रा चावण्याआधीच घ्यायच्या या लसीचे वेळापत्रक शून्य, ७ आणि २१ किंवा २८ व्या दिवसाचे असते. चावा बसलाच तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटे धुवावी, त्यावर तिखट, चुना किंवा हळद लावू नये, आणि आधी लस घेतलेली असली तरी त्याच दिवशी आरोग्य केंद्रात जावे. ज्या कुत्र्याचा जबडा लोंबतो आहे, लाळ गळते आहे आणि वागणे अचानक बदलले आहे, त्याच्या घशात हाड अडकले असेल असे समजून तोंडात हात घालू नये. खेड्यापाड्यांत रेबीजचा संसर्ग असाही होतो.

खाण्याच्या बाबतीत एवढे सांगा की कांदा कुत्र्याच्या रक्तातील तांबड्या पेशी नष्ट करतो, म्हणून उरलेला रस्सा त्याला घालू नये. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांपुढे जातो आणि कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंगातील उष्णता बाहेर टाकतो; त्या दिवसांत सराव सूर्य वर येण्याआधीच संपवावा. १९५८ मध्ये सुरू झालेले नागपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय तुम्हाला माहीत असेलच. तेथील रुग्णालयात परवानगी घेऊन काही दिवस नुसते बसून पाहता आले, तर भेदरलेले जनावर कसे हाताळतात हे चांगले समजेल.

आजोबांच्या प्रश्नाचे वैद्यकीय उत्तर असे आहे. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे यांच्या विषावरील प्रतिविष कुत्र्यांनाही देतात. पण साप कोणता होता, विष किती गेले आणि किती वेळ उलटला होता हे कळल्याशिवाय एखादा विशिष्ट कुत्रा वाचला असता की नाही, हे कोणताही पशुवैद्य खात्रीने सांगू शकत नाही.

उत्तर : मीही ऑटिस्टिक (चांदूर रेल्वे, जिल्हा अमरावती)

ताई, तुम्ही अभिनय करायचा नाही असे लिहिले आहे, त्या वाक्यापासून मी सुरुवात करतो. मीही ऑटिस्टिक आहे, आमच्या घरी कायम कुत्री राहिली, आणि आमच्या वस्तीत कोणाचे जनावर गेले की मी जातो.

आपल्याकडे बैल मेला तर आजूबाजूचे लोक भेटायला येतात, कारण पोळ्याला पूजलेले ते जनावर असते आणि त्याच्यावर घर चालते. कुत्रा मेला तर कोणी येत नाही, आणि रडणाऱ्यालाच लाज वाटू लागते. ज्या दुःखाला समाज दुःख म्हणून मान्यता देत नाही, त्याविषयी अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये लिहिले, आणि पाळीव जनावराचा मृत्यू हे आता त्याचे नेहमी दिले जाणारे उदाहरण आहे. ओसरीवर बसलेल्या आजोबांना कुत्र्याच्या मरणाइतकेच हेही छळत असते की घरात कोणालाच त्याचे काही वाटलेले नाही. तुम्ही तेथे गेलात आणि त्या कुत्र्याविषयीच बोललात, तर सांत्वनाचा मोठा भाग तेथेच झाला. चेहऱ्यावर काय उमटते हे त्यापुढे फार दुय्यम आहे.

ऑटिस्टिक माणसांना सहानुभूती नसते हा समज खोटा आहे. ब्रिटिश अभ्यासक डेमियन मिल्टन, जे स्वतः ऑटिस्टिक आहेत, त्यांनी २०१२ मध्ये मांडले की न समजण्याची अडचण दोन्ही बाजूंची असते. आपल्याला इतरांची रीत कळत नाही, तशी इतरांना आपली कळत नाही. म्हणून आपली रीत त्यांना शब्दांत सांगून टाकावी. मी गेल्यावर आधीच म्हणतो, ‘मले चेहऱ्यावर दाखवता येत नाही, पण तुमचा कुत्रा गेल्याचं मले खरंच वाईट वाटलं.’ एवढे एक वाक्य बोलले की माझ्या स्थिर चेहऱ्याचा गैरअर्थ कोणी काढत नाही, आणि जवळ बसण्यासाठी अंगाला हात लावण्याचीही गरज पडत नाही.

त्यानंतर कामाला लागावे. कुत्रा गेलेल्या घरात करण्यासारखी कामे असतात आणि ती करायला कोणी पुढे येत नाही. खड्डा निदान तीन-चार फूट खोल लागतो, नाहीतर दुसरी कुत्री किंवा कोल्हे तो उकरतात. तो विहीर आणि नाल्यापासून दूर असावा. विषबाधा किंवा रेबीजचा संशय असेल तर उघड्या हातांनी काही धरू नये आणि पशुवैद्यांना कळवावे. माती देण्याआधी गळपट्टा काढायचा की ठेवायचा हे मालकाला विचारावे, कारण कोणाला तो जवळ हवा असतो आणि कोणाला नको. साखळी, भांडे, पोत्याचे अंथरूण यांना त्याने सांगितल्याशिवाय हात लावू नये. अशी कामे नीट क्रमाने करता येणे ही आपली ताकद आहे, आणि घरच्यांना ती शब्दांपेक्षा लवकर समजते.

बोलण्यासाठी मी प्रश्न जवळ ठेवतो. तो तुमच्याकडे कसा आला, हे विचारले की बहुतेक माणसे आपणहून बोलू लागतात, आणि मग मध्ये न बोलता ऐकायचे असते. मधली शांतता भरून काढण्याची जबाबदारी आपली नाही, हे मला स्वतःला बजावावे लागते. ‘दुसरा आणून देऊ’ हे वाक्य त्या दिवसांत टाळावे. देवाधर्माचे बोलणे निघाले आणि कुत्र्याच्या आत्म्याचे काय होते असे कोणी विचारले, तर आपला विश्वास नसलेले काही म्हणू नये. ‘तुमाले काय वाटते?’ असे विचारावे. म्हाताऱ्या माणसांना युधिष्ठिराची गोष्ट आठवते, ज्याने सोबतच्या कुत्र्याला सोडून स्वर्गात जायला नकार दिला होता, आणि ती सांगता सांगता ते मोकळे होतात.

‘वाचला असता का?’ या प्रश्नाला पशुवैद्यांनी वर जे लिहिले आहे तेच खरे उत्तर आहे. ‘हे कोणालाच खात्रीने सांगता येणार नाही, आजोबा. तुम्हाले समजलं तसं तुम्ही केलं, हे मी पाहिलं आहे.’ यात खोटे काही नाही. दुसरे वाक्य मात्र तुम्ही प्रत्यक्ष पाहिले असेल तरच म्हणा. एखाद्याकडून खरोखर हयगय झाली असेल आणि त्याने विचारले नसेल, तर तो विषय त्या दिवशी काढण्याचे कारण नाही. दुसरे कुत्रे आणताना लसीकरण आणि बंदोबस्त यांविषयी बोलता येईल.

तुमच्या स्वतःच्या दुःखाचाही विचार करा, कारण ज्या कुत्र्याला तुम्ही शिकवले ते तुमचेही असते. आपल्यापैकी अनेकांना मनातील भावनेचे नाव लवकर सापडत नाही. छाती जड होते, जेवण जात नाही, आवाज नेहमीपेक्षा जास्त बोचतात, आणि हे दुःख होते हे पुष्कळ दिवसांनी कळते. भेटीनंतरचा दिवस रिकामा ठेवा. घरात मोठ्याने रडणे, उदबत्तीचा वास, माणसांची दाटी असेल तर ओसरीच्या कडेला बसा आणि किती वेळ थांबणार हे गेल्यागेल्या सांगा. आपल्या भागात घरावर कर्ज, नापिकी असे आधीच पुष्कळ काही असते. कोणी बोलता बोलता स्वतःच्या जगण्याला कंटाळल्याचे सांगितले, तर ते ओझे एकट्याने घेऊ नये. टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस उपलब्ध आहे आणि तेथे मराठीत बोलता येते. त्यांच्या समोरच फोन लावावा आणि घरातील एका जबाबदार माणसाला जवळ बसवावे.

वावरकाठ

दोघांचेही मनापासून आभार. कोठ्याच्या भिंतीवर शब्द लिहिण्याची सूचना मी लगेच अमलात आणणार आहे. दोन गोष्टी आणखी विचारायच्या आहेत. ज्या घरात लहान मुले आहेत तेथे त्यांना कोणी काय सांगावे? आणि प्रशिक्षण अर्धे झाले असताना कुत्रा गेला, तर पैशांचे काय करावे? हा विषय कोणी काढत नाही, त्यामुळे मला रीत माहीत नाही.

उत्तर : जिल्हा परिषद शिक्षिका (ब्रह्मपुरी तालुका, जिल्हा चंद्रपूर)

ताई, आमची गावे जंगलाला लागून आहेत आणि येथे अंगणातून कुत्रा बिबट्याने नेणे ही नवलाची गोष्ट नाही. सकाळी वर्गात एखादे मूल गप्प बसलेले दिसते आणि चौकशी केली की कळते. घरच्यांनी त्याला ‘तो मामाच्या गावाला गेला’ असे सांगितलेले असते आणि गल्लीतल्या मुलांनी खरे सांगितलेले असते. मग ते मूल कुत्र्यासाठी रडते आणि आपल्याशी खोटे बोलले म्हणून आईवडिलांवरही रुसते.

मुलांशी बोलण्यात तुमचा सरळपणा फार उपयोगी पडेल. ‘मेला’ हाच शब्द वापरावा. ‘झोपला’ असे सांगितलेली लहान मुले झोपायला घाबरतात, हे मी पाहिले आहे. त्याचे शरीर आता चालत नाही, त्याला दुखत नाही आणि तो परत येणार नाही, एवढे तीन भाग पुरतात. बाकी मूल विचारेल तेवढेच सांगावे, आणि तेच तेच विचारले तरी तेच उत्तर न चिडता द्यावे. तुझ्यामुळे तो गेला नाही, हे न विचारताही सांगावे, कारण दार उघडे राहिले होते का, आपण त्याला बांधले नव्हते का, असे मूल मनात घोळवत असते. मात्र हे सगळे आईवडिलांच्या संमतीने आणि शक्यतो त्यांच्या समोर व्हावे.

बिबट्याने नेलेल्या कुत्र्याचे शरीर मिळत नाही, त्यामुळे माती देण्याचा प्रसंगच येत नाही आणि काही संपले असे कोणाला वाटत नाही. अशा वेळी मी मुलाला त्या कुत्र्याचे चित्र काढायला किंवा त्याला काय काय येत होते ते लिहायला सांगते. तुम्ही तर त्याला शिकवलेले असेल. तो कोणकोणते शब्द ओळखत होता याची यादी तुमच्याकडे असेल, ती त्या घराला द्या. घरात दुसरा कुत्रा असेल, तर सोबती गेल्यावर तो कमी खातो, शोधत फिरतो, जास्त भुंकतो. त्याच्या खाण्याच्या आणि फिरण्याच्या वेळा मुलाकडे सोपवल्या तर दोघांनाही बरे पडते.

उत्तर : निवृत्त पशुवैद्य (यवतमाळ जिल्हा)

शिक्षिकाताईंच्या लिहिण्यात एक भर घालतो. आजार बरा होण्यासारखा नसेल आणि घरच्यांनी दयामरणाचा निर्णय घेतला असेल, तर काय काय घडेल हे पशुवैद्यांकडून आधी नीट समजून घ्या आणि घरच्यांनाही सांगा. बहुधा आधी गुंगीचे औषध देतात, नंतर शेवटचे इंजेक्शन. डोळे उघडेच राहू शकतात, प्राण गेल्यावरही स्नायू थरथरू शकतात, क्वचित श्वास घेतल्यासारखी हालचाल होते आणि लघवी सुटते. हे आधी माहीत नसले तर घरच्यांना वाटते की जनावर जिवंत आहे आणि त्याला त्रास होतो आहे. तुम्हालाही पुढचा क्रम ठाऊक असला तर तेथे थांबणे सोपे जाईल.

पैशांचे उत्तर सोपे आहे. भेटायला गेल्याचे पैसे कधीच घेऊ नयेत, आणि शिकवण्याचे काम जेवढे झाले तेवढ्याचेच घ्यावेत. आगाऊ घेतलेली बाकी रक्कम आठवडाभरात, घरातील कर्त्या माणसाच्या हाती, हिशेब लिहिलेल्या चिठ्ठीसह परत करावी. ही अट काम सुरू करतानाच सांगून ठेवली, तर त्या दिवशी तुम्हालाही तो विषय काढावा लागणार नाही आणि त्यांनाही.